कृष्णकमळाची सोयरीक

पॅशनफ्रूटचा, म्हणजे फळे देणाऱ्या कृष्णकमळाचा, वेल वाढवणे अजिबात अवघड नाही, कारण तो आपल्याला विचारून वाढतच नाही. त्याच्यासाठी मी बांबूचा ऐसपैस मांडव घातला होता. पण त्याने पहिला मोर्चा वळवला तो कपडे वाळत घालायच्या दोरीकडे, आणि एका तणाव्याने माझ्या सदऱ्याची बाही अशी काही घट्ट धरली, की सदरा सोडवावा की वेलाच्या नावे करून टाकावा, हेच कळेना.

फुले आली तीही घाऊक. जांभळ्या-पांढऱ्या तंतूंचे कौरव, त्यांच्यावर पाच परागकोशांचे पांडव आणि सर्वांत वर तीन कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी स्त्रीकेसरांची टोके! फळ मात्र नावालाही नाही. चौकशीअंती समजले, की पिवळ्या फळांच्या या जातीला स्वतःचा पराग चालत नाही. सगोत्र विवाहाला तिचा ठाम विरोध आहे, आणि तिच्याच फांदीपासून केलेले रोप शेजारी लावले तरी गोत्र तेच! म्हणून बीपासून वाढलेले दुसरे रोप आणले, तर मध्यस्थाचा प्रश्न उभा राहिला. पराग जड आणि चिकट असल्याने वारा हे काम करत नाही. ते करावे मोठ्या काळ्या भुंग्याने. आमचा भुंगा उद्योगी आहे, यात वाद नाही. पण त्याचा सगळा उद्योग माझ्या मांडवाचे बांबू पोखरण्यात चालतो.

तेव्हा हाती कुंचला घेणे आले. हे फूल उमलते ऐन दुपारी आणि रात्री मिटते ते कायमचेच. उमलताना तिन्ही कुक्षी ताठ उभ्या असतात. त्या हळूहळू वाकून परागकोशांच्या पातळीवर येईपर्यंत, साधारण तासभर, मध्यस्थाने उन्हात तिष्ठत राहायचे. काही फुलांच्या कुक्षी शेवटपर्यंत वाकतच नाहीत. अशा मानी घराण्यांचा नाद सोडलेला बरा. सगळे जमून आले आणि लगेच पाऊस कोसळला, की पराग फुटून वाया जातो. एवढ्यातून जे फळ धरते, ते पिकायला दोन-अडीच महिने घेते आणि आपण होऊन खाली पडते.

परवा शेजारच्या काकू सुरकुतलेल्या, म्हणजे अगदी गोड झालेल्या, फळांची परडी घेऊन आल्या. वेलाची एक फांदी भिंतीपलीकडे गेली आहे, हे मी विसरलोच होतो.

"आमच्या बाजूला रोज पडतात हो," त्या म्हणाल्या, "आम्ही काहीसुद्धा करत नाही. भुंगे मात्र फार येतात, त्यांचं काहीतरी बघा."