‘मूठभर फादर चुकले, त्यात चर्चचा काय दोष?’ या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या वसईच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले आठ दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की चर्चमधल्या लैंगिक अत्याचाराच्या बातम्या हा चर्चद्वेष्ट्या मीडियाचा प्रचार आहे, जगात लाखो फादर आहेत त्यातले मूठभर चुकले, चर्चला कळल्याबरोबर चर्चने त्यांना बाजूला केलं, तक्रार करणारे वीस-तीस वर्षांनी पैशासाठी उठलेत, असलं शाळेत आणि इतर धर्मांतही होतं, आणि मुख्य म्हणजे घरातलं घरात मिटवावं, पोलीस-कोर्ट केलं की लोकांची श्रद्धा जाते. खाली हात जोडलेले इमोजी.

मी कॅथलिक आहे, दर रविवारी मिस्साला जाते, माझा मुलगा वेदीसेवक आहे, म्हणजे मिस्साच्या वेळी वेदीपाशी फादरना मदत करतो. म्हणूनच गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

‘मूठभर चुकले.’

अमेरिकेतल्या बिशपांनी स्वतःच जॉन जे कॉलेजकडून अभ्यास करून घेतला होता, तो २००४ मध्ये आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप, म्हणजे तेव्हाच्या एकूण धर्मगुरूंपैकी साधारण ४ टक्के, आणि आरोप करणारे १०,६६७ जण. हे सगळं चर्चच्या स्वतःच्या फायलींमधून आलेलं, म्हणजे ज्यांनी कधी तोंडच उघडलं नाही ते यात नाहीतच. फ्रान्समध्ये चर्चनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये अंदाज दिला की १९५० पासून धर्मगुरूंच्या हातून अत्याचार झालेली मुलं सुमारे २ लाख १६ हजार. मीडिया कुठे आला यात?

पण खरं सांगू का, मला आकड्यांवरून भांडायचंच नाही. समजा ४ टक्केच. प्रश्न असा की त्या ४ टक्क्यांना एका धर्मग्रामातून, म्हणजे पॅरिशमधून, दुसऱ्या धर्मग्रामात कोणी पाठवलं? अमेरिकेतल्या बॉस्टनचा फादर जॉन गेगन घ्या. १९८२ मध्ये एका बाईने तिथल्या कार्डिनलना पत्र लिहिलं, तिच्या नात्यातल्या सात मुलांवर या माणसाने अत्याचार केले होते. पुढे १९८४ मध्ये बर्नार्ड लॉ तिथे आर्चबिशप झाले, आणि त्यांनी त्याला दुसऱ्या धर्मग्रामात नेमलं, त्यांच्या एका सहायक बिशपने ही नेमणूक बरोबर नाही असं लेखी कळवलं तरी तो तिथेच राहिला, आणि तिथे त्याच्याकडे काम कुठलं दिलं तर वेदीसेवक मुलांचं. वेदीसेवक! हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ माझ्या मुलाच्या खोलीत जाऊन बसले. त्या एका माणसाविरुद्ध शेवटी १३० हून जास्त लोक पुढे आले. पाप त्याचं होतं हे कबूल, पण बदलीच्या कागदावर सही त्याची नव्हती ना. फादर स्वतःची बदली स्वतः करत नाही हे आपल्या पॅरिशमधल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

‘चर्चला कळल्याबरोबर कारवाई केली.’

सगळ्यात खोटा मुद्दा हा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्युरीचा, म्हणजे गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल आला. सहा धर्मप्रांत (एकेका बिशपच्या हाताखालचा भाग), ३०० हून जास्त फादर, एक हजाराहून जास्त मुलं ज्यांची ओळख कागदांतूनच पटली. हे कागद मिळाले कुठे, तर बिशपांच्या गुप्त दप्तरात. चर्चच्या कायद्यातच अशा दप्तराची तरतूद आहे आणि त्याची किल्ली फक्त बिशपकडे असते. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही, लिहून, तारीख घालून, कुलपात ठेवलं होतं. आणि लिहायची पद्धत तर बघा, बलात्कार हा शब्द टाळायचा, ‘अनुचित संपर्क’, ‘मर्यादेचा प्रश्न’ असलं काहीतरी लिहायचं. फादरला हलवायचं पण लोकांना कारण सांगायचं नाही, सांगायचं की तब्येत बरी नाही. आणि काहीही झालं तरी पोलिसांना कळवायचं नाही. त्यातल्या बहुतेकांवर खटलाच भरता आला नाही कारण कायद्याची मुदत उलटून गेली होती. आता मला सांगा, मुदत उलटेपर्यंत कागद कुलपात कोणी ठेवले?

आयर्लंडमधल्या डब्लिनची गोष्ट तर मला आयुष्यभर विसरता येणार नाही. तिथल्या चर्चमधल्या अत्याचारांवरच्या २००९ च्या मर्फी चौकशी अहवालात आहे. तिथले कार्डिनल डेस्मंड कॉनेल यांनी पत्रकारांना सांगितलं होतं की पीडितांच्या भरपाईसाठी धर्मप्रांताचा पैसा वापरला जात नाही. प्रत्यक्षात एका फादरला भरपाई द्यायला धर्मप्रांतातूनच कर्ज दिलेलं होतं. तर नंतर खुलासा काय, की मी ‘वापरला जात नाही’ म्हटलं, ‘वापरला गेला नाही’ असं कुठे म्हटलं? याला त्यांच्या धर्मशास्त्रात ‘मेंटल रिझर्व्हेशन’ म्हणतात, म्हणजे शब्द असे निवडायचे की ऐकणारा चुकीचं समजेल पण तुम्ही खोटं बोललात असं होणार नाही. ज्या लोकांनी आपल्याला लहानपणी आठवी आज्ञा पाठ करून घेतली, खोटी साक्ष देऊ नकोस, त्यांनी हे करावं?

आणि कारवाई म्हणाल तर बर्नार्ड लॉ यांचंच काय झालं ते बघा. ‘बॉस्टन ग्लोब’ने जानेवारी २००२ मध्ये सगळं छापलं, डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि २००४ मध्ये त्यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या चार मोठ्या बॅसिलिकांपैकी एकीचं प्रमुखपद मिळालं. २००५ मध्ये नवा पोप निवडायला त्यांनी मतदानही केलं. अशा प्रकरणांवरचं ‘पोपचं गुपित’ हे गोपनीयतेचं बंधन उठलं ते डिसेंबर २०१९ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी उठवलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण २०१९! लगेच कारवाई होत होती तर २०१९ पर्यंत गुपित कशाला लागत होतं?

‘इतक्या वर्षांनी पैशासाठी.’

ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, कॅथलिक चर्चवरचे दावे तपासले तेव्हा अत्याचार आणि दावा यांच्यामध्ये सरासरी ३३ वर्षं गेलेली दिसली. दहा-अकरा वर्षांचं पोर असतं हो. ज्या माणसाच्या हातून घरातले सगळे जिभेवर पवित्र भाकर घेतात, ज्याला आजी वाकून नमस्कार करते, त्याच्याबद्दल हे पोर काय शब्दांत सांगणार आणि कोणाला? मला आठवतं, लहानपणी आमच्याकडे नुसतं फादरांचं प्रवचन लांबलं म्हटलं तरी धपाटा बसायचा.

पैशाचं म्हणाल तर लॉस एंजेलिसच्या धर्मप्रांताने २०२४ मध्ये १,३५३ लोकांना ८८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, त्याआधी २००७ मध्ये ६६ कोटी दिलेच होते. खोट्या तक्रारींना कोणी एवढे पैसे देत नाही. आणि फौजदारी खटल्याची मुदत गेल्यावर माणसाच्या हातात दिवाणी दावा सोडून राहतं तरी काय?

‘शाळेतही होतं, इतर धर्मांतही होतं.’

होतं. आसाराम २०१८ मध्ये जोधपूरला दोषी ठरला, त्या प्रकरणांतल्या साक्षीदारांचे खून झाले. अमेरिकेत सदर्न बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पास्टर लग्न करतात, तिथे पोप नाही की बिशप नाही, तरी २०२२ च्या चौकशीत कळलं की त्यांच्या मुख्य कार्यालयात ७०० हून जास्त आरोपींची यादी गुपचूप ठेवलेली होती. म्हणजे फादर लग्न करत नाहीत म्हणून असं होतं, हा ब्रह्मचर्याचा दोष म्हणणारेही चुकले. पण यातून आपलं ओझं कुठे कमी झालं? शेजारच्या घराला आग लागली म्हणून आपली विझते का?

‘घरातलं घरात मिटवावं.’

आता हे अमेरिकेचं नाही, आपल्या मुंबईचं. गोवंडीतल्या एका चर्चमध्ये २०१५ साली एका मुलावर तिथल्याच फादरने अत्याचार केला. आईवडील आधी कुठे गेले? पोलिसांत नाही, चर्चकडेच गेले, कारण आपण सगळे तसंच करतो. ते थेट मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांना भेटले. कार्डिनलना त्याच रात्री रोमला निघायचं होतं. फादरला बाजूला केलं असं त्यांचं म्हणणं, पण पोलिसांना त्यांनी लगेच कळवलं नाही, हे त्यांनी स्वतः २०१९ मध्ये बीबीसीला सांगितलं. शेवटी त्या कुटुंबालाच पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये पोक्सो कोर्टाने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या कोर्टाने, त्या फादरला जन्मठेप दिली.

पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. कलम १९ सांगतं की लहान मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, मग तो कोणीही असो. कलम २१ प्रमाणे न कळवणं हा गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे ‘घरातलं घरात मिटवा’ असा सल्ला जो कोणी ग्रुपवर देतोय तो आपल्याच माणसांना कायदा मोडायला सांगतोय. काका, तुम्ही मेसेज पाठवलात तेव्हा हे तुमच्या मनात नसणार हे मला माहीत आहे, तरी तो ग्रुपवरून काढा.

पुढच्या महिन्यात आमच्या पॅरिश कौन्सिलची मीटिंग आहे. मी हात वर करून विचारणार आहे की वेदीसेवकांच्या खोलीच्या दारावर, मुलांच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर, चाइल्डलाइनचा १०९८ नंबर कधी लावताय.