कुणाशीच वाकडं घ्यायचं नाही: छोट्या बेटांसाठी फुकट सल्ला

समजा तुमच्याकडे एक छोटंसं बेट आहे, तेल नाही, शेती नाही, प्यायचं पाणीसुद्धा बरंचसं शेजारच्या मलेशियातून पाइपने येतं, आणि तरी जगात नाव काढायचंय, तर काळजी नको, सिंगापूरने वाट पाडून ठेवलीय.

आधी सगळ्यांशी जमवून घ्या, आणि ज्याला कुणी दारात उभं करत नाही त्याच्याशी तर आवर्जून. 1975 साली सिंगापूरने उत्तर कोरियाशी संबंध जोडले, दक्षिण कोरियाशीही त्याच वर्षी, म्हणजे भावकीत कुणी रुसायला नको. उत्तर कोरियाच्या सर्वेसर्वा किमच्या माणसांना सिंगापुरात कितीतरी वर्षं व्हिसाही लागायचा नाही, या, बसा. मग अणुचाचण्यांवरून जगाने डोळे वटारले की लगेच गुणी बाळ व्हायचं, ऑक्टोबर 2016 पासून व्हिसा लावायचा, नोव्हेंबर 2017 पासून व्यापार बंद. पण वकिलात राहू द्यायची बरं का! दार नुसतं लोटायचं, कडी घालायची नाही.

कारण सातच महिन्यांनी त्याच दारातून वरात येते. 12 जून 2018, अमेरिकेचे ट्रम्प आणि किम यांची भेट, स्थळ सिंगापूरचंच सेंटोसा बेट. या बेटाचं जुनं मलय नाव पुलाऊ ब्लाकांग माती, त्यातल्या 'माती'चा अर्थ मरण (आपल्याकडेही माती म्हटलं की फार लांबचा अर्थ नाही म्हणा), 1970 च्या दशकात टुरिस्ट यावेत म्हणून ते बदलून सेंटोसा, म्हणजे शांतता, असं ठेवलं. घ्या, अणुबॉम्बवाल्या पाहुण्यांसाठी हॉल आधीच तयार!

आता खर्च. पाहुणा किम आला तो चीनकडून उसन्या घेतलेल्या विमानातून, तेव्हा हॉटेलचं बिल कोण भरणार हे विचारायचंच नाही, यजमानाने गुपचूप भरायचं. सिंगापूरचा एकूण खर्च 1 कोटी 63 लाख सिंगापूर डॉलर, त्यात सिक्युरिटी आली आणि जगभरच्या अडीच हजार पत्रकारांची बडदास्तही आली. एवढ्या पैशात एवढी जाहिरात कुठली एजन्सी करून देते सांगा. आदल्या रात्री किमसाहेबांना मरीना बे फिरवून आणा आणि परराष्ट्रमंत्र्यांनी हळूच एक सेल्फी काढून टाका, बालकृष्णन यांनी काढलाच.

समझोत्यात काय लिहिलंय त्यात तुम्ही पडू नका. अण्वस्त्रं कधी जाणार, कशी जाणार एवढं सोडून बाकी सगळं छान होतं त्यात. पुढच्या वर्षी हाच कार्यक्रम हनोईला झाला तेव्हा जेवणाची टेबलं मांडलेली तशीच राहिली आणि दोघं न जेवताच उठून गेले. सिंगापूरचे पाहुणे निदान जेवून तरी गेले होते.