बूस्ट करा म्हणं!

सकाळी चपलांच्या दुकानाचं शटर वर करतोय तोवर मोबाईल टुणकन वाजला. ‘तुमची पोस्ट जोरात चाललीय, बूस्ट करा.’ म्हणजे पैसे भरा, जास्त लोकांना दाखवतो. कुठं चाललीय बाबा? कोल्हापुरात आमच्या महाद्वार रोडवर तरी दिसली नाही!

गेल्या महिन्यात भाच्याच्या नादाला लागून २,००० रुपये घातले, वर १८ टक्के जीएसटी. रीच (म्हणजे पोस्ट दिसलेली माणसं) १४,०००, लाईक ३००, फोन चार. एकानं विचारलं, "कापशी चप्पल मिळंल का, ओरिजिनल?" किंमत सांगितली, तर अंगठा पाठवला. दुसरा मलाच फॉलोअर विकायला बसला. शेवटी खपला एक जोड. घेणारा कोण, तर मागच्या गल्लीतला, वडिलांच्या काळापासून आमच्याकडंच येणारा. म्हणतो, "तुझी जाहिरात बघितली की लेका!" झालं, भाच्यानं तो जोड जाहिरातीच्या खात्यावर मांडला.

मोठ्यांचीही हीच गत. ईबे या ऑनलाईन विक्रीच्या कंपनीनं २०१२ मध्ये सर्च इंजिनवरच्या स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवून बघितल्या, तर जवळजवळ सगळी माणसं खालच्या फुकटच्या लिंकवरनं आली. म्हणजे आत येणाऱ्यालाच पायरीवर गाठून पत्रक द्यायचं, आणि गल्ला भरला की पत्रकवाल्यानं मिशीला ताव द्यायचा.

परवा एका गिऱ्हाइकाला डिझाईन दाखवायला मोबाईलवर चपला शोधल्या. तेव्हापासून दिवसभर मला कोल्हापुरी चपलांच्याच जाहिराती. मला! चपलांच्या ढिगात बसलेल्या माणसाला!