'द्राक्षाची साखर मधुमेहींना चालते' : मामांना आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी मामांचा फोन आला. "अगं, डायबिटीसला फ्रेंच व्हाइट वाइन चांगली म्हणे. वाचलंस का तू?" मामा ६८ वर्षांचे, रात्री इन्सुलिन घेतात. मामेभावाने फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून आल्सास भागातल्या गेवुर्त्सट्रामिनरची (याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) एक बाटली आणली होती. ती पाहून कुणा मित्राने त्यांना तो फिरता मेसेज पाठवला. आता तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आलाय, म्हणून हे लिहितेय.

मेसेज म्हणतो: आल्सास थंड प्रदेश, तिथल्या वाइनमध्ये अल्कोहोल नावापुरतं. तिचा गोडवा द्राक्षाचा, म्हणून मधुमेहींना चालतो. रात्री एक ग्लास घेतला की सकाळी साखर उतरलेली असते. हृदयालाही चांगली. आणि तळाशी खडे दिसले तर ती भेसळ.

थंडीचं आधी. आल्सास फ्रान्सच्या ईशान्येला, र्‍हाईन नदी आणि वोज डोंगर यांच्यामधला पट्टा. हिवाळा कडक असतो, मान्य. पण पश्चिमेकडून येणारे ढग वोजवरच रिते होतात, सह्याद्रीच्या आडोशाला माणदेश कोरडा राहतो तसंच. कोल्मार हे फ्रान्सच्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक. कोरड्या, लांबलेल्या शरदात द्राक्षं वेलीवर सावकाश पिकतात, त्यांत साखर भरते आणि यीस्ट त्याच साखरेचं अल्कोहोल करतं. गेवुर्त्सट्रामिनरमध्ये ते सहज १३-१४ टक्के असतं. याला नावापुरतं म्हणायचं?

द्राक्षाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फळातून आली म्हणून ती रक्तात वेगळी वागत नाही. २०२१च्या हंगामापासून आल्सासच्या बाटलीवर गोडीची पातळी लिहावी लागते. 'म्वालो' (गोडसर) असेल तर लिटरला १२ ते ४५ ग्रॅम साखर, म्हणजे दीडशे मिलिच्या ग्लासात जवळपास सात ग्रॅमपर्यंत. 'दू' (गोड) लिहिलं असेल तर त्याहून जास्त.

आता ते 'साखर उतरते'. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच मला त्याची सर्वांत जास्त भीती वाटते. उपाशी वेळेत, झोपेत, यकृत रक्तात साखर सोडत राहतं. अल्कोहोल आलं की यकृत ते निपटण्यात गुंततं आणि नवी साखर बनवणं मंदावतं. इकडे इन्सुलिन आपलं काम करतच असतं. मग साखर काही तासांनी, बहुधा मध्यरात्रीनंतर, धोक्याच्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, अडखळतं बोलणं, गोंधळ ही तिची लक्षणं. घरच्यांना वाटणार की वाइन चढलीय, झोपू द्या. माणूस बेशुद्ध होईपर्यंत कुणाला कळत नाही. हीच गोष्ट मेसेजमध्ये औषध म्हणून सांगितलीय! साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांसोबतही हा धोका असतो, नुसत्या इन्सुलिनसोबतच नाही.

हृदयाबद्दल एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, आणि ते किमान सात प्रकारच्या कर्करोगांचं कारण आहे. व्हाइट वाइन याला अपवाद नाही.

खडे मात्र निरुपद्रवी. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, आपल्या चिंचेत असतं तेच. थंडीत त्याचा क्षार स्फटिक होऊन तळाशी बसतो. भेसळ नव्हे.

ही वाइन चांगली नाही असं माझं म्हणणं नाही. लिचीचा आणि गुलाबाचा तो वास कुणी मिसळलेला नसतो, द्राक्षाचाच असतो. लिचीत सापडणारं रोझ ऑक्साइड हे सुगंधी द्रव्य याही द्राक्षात आहे. पण सुगंध चांगला म्हणून ती मधुमेहाचं औषध होत नाही.

मामांनी लेबलचा फोटो पाठवला. त्यावर 'म्वालो' आहे. मंगळवारी त्यांची डॉक्टरांकडे तारीख आहे, मेसेज सोबत न्यायला सांगितलंय. बाटली तोवर मामींच्या कपाटात.