मॉनिटर नेला तो नेला, वर आयटीकडे टाकलेलं तक्रारीचं तिकीट पण बंद केलं!

शनिवार सकाळ, सॉफ्टवेअरचं रिलीज डोक्यावर, व्हीपीएन लागला, ओटीपी चक्क पहिल्या फटक्यात आला (तेव्हाच शंका यायला हवी होती) आणि घरून ऑफिसच्या मशीनला कनेक्ट केलं तर काळी स्क्रीन. ठार काळी. वर कोपऱ्यात हिरवा ठिपका, 'कनेक्टेड'. अरे काय कनेक्टेड, डोंबल!

सिक्युरिटीच्या काकांना फोन लावला, म्हटलं काका, जरा माझ्या डेस्कवरचा मॉनिटर चालू आहे का बघता? बिचारे जिना चढून वर गेले आणि म्हणतात, "मॅडम, मॉनिटरच नाहीये इथं, नुसती वायर लोंबतीय." ॲडमिनवाल्यांनी नव्या पोराला दिला म्हणे! मॅडम तर घरूनच काम करतात, त्यांना कशाला हवा मॉनिटर. मागे खुर्ची अशीच गेली, त्याआधी फूटरेस्ट, माझा स्वतःच्या पैशांचा माउसपॅडसुद्धा कुणीतरी ढापला, तो अजून मिळालेला नाही.

आता या ॲडमिनवाल्यांना कोण सांगणार की मॉनिटर केबलमधून आपली १२८ बाइटची कुंडली पाठवतो, ईडीआयडी, १९९४ पासून चालू आहे हे, आणि ती आलीच नाही की बरीचशी ग्राफिक्स कार्डं म्हणतात बघायलाच कुणी नाही तर चित्र काढू कशाला. आणि आमचं रिमोटचं ॲप स्क्रीनवर असेल तेच उचलून पाठवतं, तिथं काहीच नाही तर पाठवणार काय, कपाळ? आरडीपी, म्हणजे विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप, स्वतःचा वेगळा डिस्प्ले बनवतं, त्याला मॉनिटर असला काय नसला काय, पण ते बंद. का? तर पॉलिसी! अहो, रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या एवढ्याशा बोर्डालाही एक ओळ लिहून सांगता येतं की बाबा, मॉनिटर आहे असं समज.

काकांकडून रीस्टार्ट करून घेतलं तर चित्र आलं, ६४० बाय ४८० पिक्सेल, इवलंसं. लगेच एक डायलॉग उघडला आणि त्याचं ओकेचं बटण स्क्रीनच्या खाली कुठेतरी पाताळात. मग मी टॅब, टॅब, एंटर, अंदाजपंचे. नवरा चहा घेऊन आला तेव्हा मी मान वाकडी करून लॅपटॉपच्या खालून बघत होते, जसं काही तिथून बटण दिसणार होतं. तो काही बोलला नाही, कप ठेवला आणि गेला. शहाणा आहे.

एक डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा, एचडीएमआयमध्ये खोचला की कार्डाला वाटतं मॉनिटर आहे, मिटला विषय. तो मागितला तर फॉर्म भरा, बिझनेस जस्टिफिकेशन लिहा, अप्रूव्हल आणा. मॉनिटर उचलून नेताना कुणी भरला होता फॉर्म?

आणि आत्ता मेल आलाय: तिकीट रिझॉल्व्ड, मशीन पिंग होत आहे, काइंडली कन्फर्म. पिंग होतंय म्हणे, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली की मशीन ओ देतंय, बस! परत उघडलंय तिकीट, मॅनेजरला सीसी टाकून, आणि माउसपॅडचंही त्यातच लिहिलंय.