पाचवीत नापास, आणि इकडची चौथी

सध्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढकलपासवरून परत वाद पेटलाय. बहुतेकांचं म्हणणं एकच, बरं झालं पाचवी-आठवीला नापास करणं परत आणलं, पोरांना धाकच उरला नव्हता, आणि मग माझ्याकडे वळून "तुमच्या जर्मनीत बघा कशी शिस्त आहे". ती शिस्त मी इथे बव्हेरियात, जर्मनीच्या एका राज्यात, रोज जवळून बघतेय आणि कृपा करून तिचा दाखला देऊ नका.

इथे चौथीतच पोरांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली (१ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट) आली तर गिमनाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूले (मधली, दहावीपर्यंतची), नाहीतर मिटेलशूले (मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). नंतर वेगळी चाचणी देऊन किंवा शाळा बदलून वर जाता येतं हे खरं, पण दहा वर्षांच्या पोराला ते कुठून पटणार? माझ्या मुलीची एक मैत्रीण गणितात ३ आला म्हणून आमच्या किचनमध्ये जॅकेटही न काढता पेन्सिलीने सरासरी काढत बसली होती, पुढच्या पेपरला १ आला तर किती, २ आला तर किती, खोडून परत तेच. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही.

आता आपलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक दिली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. आता वार्षिक परीक्षेत नापास झालं की निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही गेली तर परत त्याच वर्गात. ढकलपासवरचा राग मला कळतो, सहावीतल्या पोराला धड वाचता येत नसेल तर ते वाईटच, पण पहिलीपासून कुणी ते बघितलं नाही त्याची शिक्षा पोराला का? सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं होतं ते याचसाठी ना, मागे पडलेलं पोर वेळेत सापडावं म्हणून, पण बऱ्याच ठिकाणी नुसत्या नोंदवह्या भरल्या गेल्या.

आणि नापास होणार कोण? बीडकडची ऊसतोड कामगारांची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात ती मार्च-एप्रिलला परततात, कितीतरी पोरं त्यांच्यासोबत. अर्धं वर्ष बुडालेलं हे पोर एप्रिलच्या पेपरला बसणार, मग निकाल, मग उन्हाळ्याची सुट्टी, शाळा उघडणार जूनच्या मध्यावर. त्या दोन महिन्यांत त्याला शिकवणार कोण, गावच्या दोन शिक्षकी शाळेत, आणि कशाच्या जोरावर? फेरपरीक्षेआधी जादा मार्गदर्शन द्यायचं म्हणतात, तर त्यासाठी माणसं आणि पैसे आधी दाखवा, तोवर त्याच्या निकालपत्रावर नापास लिहायचं थांबवा.