डायच्या आधी क्रिएटिनिन बघाच

सीटी स्कॅनचा डाय (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतनं देतात ते औषध, कमजोर किडनीला त्याचा त्रास होऊ शकतो) द्यायच्या आधी किडनी तपासा असं लेखात लिहिलंय ते एकदम बरोबर, पण आमच्या खानापूरकडं कितीजण विचारतात ओ? आमच्या आप्पांना बेळगावात स्कॅनला नेलं, वय 71, शुगर जुनी, त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधनं आणलेल्या पेनकिलर रोज चालू, आणि "उपाशी या" म्हणजे पाणीपण नको असं समजून सकाळपासनं घोटभर पाणी दिलं नव्हतं. सिस्टरनी पिशवीतला जुना रिपोर्ट काढून बघितला म्हणून कळलं, क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ततपासणी) 2.1, म्हणजे जास्तच! मग डॉक्टरांनी स्कॅन पुढं ढकलला, पेनकिलर बंद केल्या, सलाईन लावलं, शुगरची गोळी मेटफॉर्मिन 48 तास थांबवली, आणि स्कॅननंतर तिसऱ्या दिवशी परत रक्त तपासलं. किडनी सांभाळली.

किडनी चांगली असेल तर उगीच घाबरू नका, जास्त धोका ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) 30 च्या खाली असलेल्यांना. आणि खाली कमेंटमध्ये एका ताईंनी किडनी वाचवायला एसिटाइलसिस्टीनच्या गोळ्या सांगितल्यात, 2018 मध्ये छापून आलेल्या अँजिओग्राफीच्या (त्यातपण डाय देतात) सुमारे 5000 पेशंटच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही ताई. हार्ट कमजोर असलेल्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, कन्नडमधनं विचारा नाहीतर मराठीतनं, पण विचारा.